कमावलेलं कातडं

(पंचवटीतल्या एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

मंडळी, नमस्कार. फळ्यावर विषय लिहिलाय, 'चामड्याच्या कामावर घर चालतं का?' आणि खाली कंसात 'हिशोबासह'. तो कंस आयोजकांचा. हिशोबाचा कागद माझ्या खिशात आहे, काळजी नको. पण आत येताना पायऱ्यांपाशी तुमच्या चपलांचा ढीग दिसला आणि मी तिथेच थबकलो. खोडच आहे ही. इतर लोक माणसाचं तोंड बघतात, आम्ही आधी टाच बघतो. टाच आतून झिजलीय की बाहेरून, त्यावरून माणूस कसा चालतो ते कळतं. कोण किती वर्षं नवी चप्पल पुढे ढकलतोय, तेही कळतं. नावं घेत नाही.

आधी एका शब्दाबद्दल बोलतो. मराठीत पैसा कमावतात आणि कातडंही कमावतात. क्रियापद एकच. जनावराचं कातडं उन्हाळ्यात दोन दिवसांत वास मारायला लागतं. म्हणून आधी त्याला मीठ चोळायचं. मग चुन्याच्या पाण्यात टाकून केस सुटे करायचे, आतलं मांस खरवडायचं, आणि मग ते सालीच्या पाण्यात घालायचं. साल बाभळीची, तरवडाची, जोडीला हिरडा. हिरडा चघळला की जीभ कशी ओढली जाते, आठवा. कातड्याच्या आत तेच होतं. तुरटपणा मुरतो आणि सडणारी वस्तू टिकणारी होते. याला महिना-दीड महिना लागतो. क्रोमचं, म्हणजे सालीऐवजी क्रोमियमच्या क्षारात कमावलेलं कातडं एक-दोन दिवसांत होतं, निळसर निघतं, मऊ असतं. वाईट नाही, मीही वापरतो. पण सालीच्या कातड्याची कड पाण्याचं बोट लावून लाकडानं घासली की काचेसारखी चकाकते. क्रोमची नाही चकाकत, तिला रंगाचा थर द्यावा लागतो. हातात पाकीट घेतलंत तर आधी कड बघा, पाटीवर काय लिहिलंय ते नंतर.

माझ्या वडिलांची बैठक भद्रकालीत होती. बैठक म्हणजे एक पोतं, एक ऐरण, कातडं कापायची रापी, भोक पाडून शिवायची आरी आणि वर छत्री. मला त्यांनी त्या पोत्यापासून लांब ठेवलं. आयटीआय केलं, सातपूरला कंपनीत चौदा वर्षं मशीनवर काढली. मग कंपनीनं माणसं कमी केली आणि मी घरी आलो. माळ्यावरून वडिलांची रापी काढली. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुझ्या बापानं ती वर टाकली होती, ती तू खाली काढायला नव्हे."

तिचं चुकलं नव्हतं. वडिलांना लोक चांभार म्हणायचे, आणि त्या शब्दात जे काही मिसळायचं ते मिसळून म्हणायचे. मी त्याच आरीनं, त्याच मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवतो, तर प्रदर्शनात माझ्या टेबलावर 'लेदर आर्टिझन' अशी पाटी लागते. बायका कौतुकानं विचारतात, "हे तुम्ही कुठे शिकलात?" मी सांगतो, भद्रकालीत, फूटपाथवर. त्या हसतात. त्यांना वाटतं मी विनोद केला.

आता काळाराम मंदिर इथून हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून एक सांगून टाकतो. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली त्या दारापाशी सत्याग्रह सुरू झाला. मला लहानपणापासून एक कोडं आहे. देवळात जाताना कमरेचा कातडी पट्टा काढून ठेवतात. मग गाभाऱ्यासमोर वाजतो तो मृदंग कशानं मढवलेला असतो? कातडं आत आणि मढवणारा बाहेर, असा हा हिशोब होता. असो. मी भरकटलो.

मुद्दा सांगतो, म्हणजे निदान मुद्दा सांगितला असं म्हणता येईल. माझं म्हणणं असं आहे की या धंद्यात शेजारच्या कारागिराला स्पर्धक समजणं परवडत नाही. हे मी चांगुलपणानं म्हणत नाही. मला ते एका बाटलीनं शिकवलं.

झालं असं. धंदा सुरू करून दीड वर्ष झालं होतं. नाशिकला द्राक्षं आहेत, तशी वाइन आहे. एका कंपनीकडून दिवाळीच्या भेटींसाठी ऑर्डर आली: बाटली अडकवून न्यायची चामड्याची पट्टी, दोनशे नग. दोनशे! मी त्या दिवशी घरी जाताना बुधा हलवाईची जिलेबी नेली. उचल मिळाली. मी मुंबईला धारावीत गेलो. दुकानदारानं एक गठ्ठा दाखवला, रंग सुरेख, भाव निम्मा. का निम्मा, हे मी विचारलं नाही. स्वस्त मिळालेल्या वस्तूला कारण विचारू नये अशी माझी तेव्हा समजूत होती.

चाळीस पट्ट्या झाल्या. दिसायला झकास. बायको म्हणाली, "एक टांगून बघू या." भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास भरते. आमच्याकडे वाइनची बाटली कुठली, तिनं सरबताच्या बाटलीत पाणी भरलं, पट्टीत अडकवलं आणि स्वयंपाकघरातल्या खुंटीला टांगलं. रात्री बाटली ओट्याच्या वर वीतभर होती. सकाळी उठलो तर बाटली ओट्यावर बसलेली! पट्टी तुटली नव्हती. नुसती लांबली होती. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, रबराची केलीत का?"

दिवाळीला सतरा दिवस होते. वडिलांच्या वेळचे एक काका अजून बसतात, वय ऐंशीच्या घरात. मी त्यांच्याकडे जायचं टाळत असे, कारण मी आलो तेव्हा ते म्हणाले होते, "आणखी एक आला वाटणी मागायला." आता गेलो. पट्टी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांनी बघितलीच नाही. अंगठ्यानं दाबली, दोन्ही हातांत धरून हलकेच ओढली आणि म्हणाले, "पोट आहे हे."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे जनावराचं पोट. पोटाचं काम काय? भरलं की सुटायचं. तू त्याला बाटली दिलीस, ते सुटलं. त्याचा काय दोष?"

मंडळी, कातडं सगळीकडे सारखं नसतं. कण्याच्या दोन्ही बाजूंची पाठ घट्ट असते, तिचे तंतू दाट असतात. पट्टा, लगाम, ओझं घेणारी कुठलीही वस्तू पाठीतूनच, कण्याला समांतर कापायची. खांदा जाड पण नमता, पिशवीला, म्यानाला चांगला. मानेला सुरकुत्या. पोट विसविशीत, त्याचं अस्तर करा, गोंडे करा, किल्लीला लावायचं काहीतरी करा. हे मला चौदा वर्षांच्या मशीनकामात कोण सांगणार? लोखंडाला पोट नसतं.

काकांनी मग काय केलं, तर घोड्याचं सामान करणाऱ्या मामूंकडे मला स्वतः घेऊन गेले. मामू वरातीच्या घोड्यांचे लगाम-पट्टे करतात, त्यांच्याकडे पाठी होत्या. त्यांनी दोन पाठी उसन्या दिल्या आणि बदल्यात माझी पोटं मागितली, खोगिराच्या अस्तराला. पर्स करणाऱ्या एक ताई आहेत, त्यांच्याकडे पट्टी एकसारखी कापायचं हातमशीन होतं. पुस्तकं बांधणाऱ्या एका गृहस्थांकडे भोकं पाडायचा प्रेस. सहा रात्री आम्ही पाच जण ताईंच्या पार्किंगमध्ये बसलो. ताईंची सासू रोज रात्री साडेअकराला पिठलं-भाकरी आणून ठेवायची आणि म्हणायची, "दारूच्या बाटलीसाठी एवढं जागरण पहिल्यांदा बघतेय." प्रत्येकाला नगावर मजुरी ठरली, ती मी पाटीवर खडूनं लिहून ठेवली होती. दोनशे नग वेळेत गेले.

आता पैशांचं ऐका. कंपनीनं पैसे दिले पाच महिन्यांनी. वर 'रंगात फरक' म्हणून आठ टक्के कापले. सालीच्या कातड्याचा रंग ऊन लागलं की गडद होतोच! तीच तर त्याची गंमत! तो साहेब मला म्हणाला, "नॅचरल पाहिजे होतं, पण एकसारखं नॅचरल." हे वाक्य मी दुकानात लिहून लावलंय. त्या पाच महिन्यांत एकाही कारागिरानं माझ्याकडे मजुरीसाठी तगादा लावला नाही. मामूंनी फक्त एकदा विचारलं, "आया क्या?" मी म्हटलं, नाही. म्हणाले, "मेरा भी नहीं आया." त्यांचं दुसऱ्या कुणाकडे अडकलं होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चांगलं कातडं अख्खं विकतात, निदान अर्धं अंग. त्यात पाठ असते, खांदा असतो, पोट असतं. एकट्या माणसाला ते सगळं लागतच नाही. पट्टेवाल्याला पोट नको, अस्तरवाल्याला पाठ परवडत नाही. म्हणजे अख्खं कातडं विकत घ्यायचं तर तीन-चार धंद्यांची माणसं एकत्र हवीतच. ही एकी आम्ही ठरवून केली नाही, जनावराच्या अंगातच तशी आखणी आहे.

कोणी म्हणेल, हे तर जुनं बलुतं झालं. ढोरानं कमवायचं, चांभारानं शिवायचं, मोट फाटली की सांधायची आणि खळ्यावर जाऊन सुपभर धान्य मागायचं. नाही हो. माझ्या आजोबांनी निफाडकडच्या विहिरींवरच्या मोटा शिवल्या. ती वाटणी जन्मानं ठरलेली होती, आणि खळ्यावर उभं राहायची जागासुद्धा ठरलेली होती. आमच्या टोळीत मामू आहेत, ताई देशस्थ आहेत, बाइंडर माळी आहेत. ज्याला जायचंय त्यानं जावं. तबल्याच्या वाद्या करणारा एक जण गेलाही, सध्या रिक्षा चालवतो आणि आमचा माल स्टेशनवरून आणतो.

आमच्या टोळीचा नियम एकच, भाव लपवायचा नाही. कुठून घेतलं, कितीला घेतलं, गिऱ्हाइकाला काय सांगितलं, सगळं रविवारी उघड. सुरुवातीला फार जड गेलं. आपल्याकडे माणूस पगार सांगेल, पण माल कुठून आणला ते सांगणार नाही.

चिठ्ठी आली. 'सात मिनिटं. हिशोब!' उद्गारचिन्हासकट. बरं, काढतो कागद.

कमरेचा पट्टा. बेचाळीस इंच लांब, दीड इंच रुंद. वाया जाणारं धरून ०.६ चौरस फूट. सुटा तुकडा घेतला तर मला फुटाला ३०० रुपये पडतात, टोळीनं अख्खं घेतलं तर १८०. म्हणजे कातडं १०८ रुपये. बक्कल ६०. दोरा, मेण, रंग २०. कापणं, शिवणं, कड घासणं दोन तास. तासाचे मी दीडशे धरतो, गवंड्यापेक्षा कमी, म्हणजे ३००. गाळ्याचं भाडं, वीज ५०. एकूण ५३८. विकतो ८५०ला. मी स्वतः गिऱ्हाइकाला विकला तर ३१२ सुटतात. तोच पट्टा मोठ्या दुकानात ठेवला की ते चाळीस टक्के घेतात, ३४० गेले, हातात ५१०. म्हणजे अठ्ठावीस रुपये पदरचे घालून मी त्या दुकानाची शोभा वाढवली! गिऱ्हाईक वर म्हणतं, ऑनलाइन चारशेला मिळतो. मिळतो. ते कातड्याचा भुगा गोंदात दाबून केलेलं असतं, वाकवा आणि सहा महिन्यांनी बघा.

टोळीमुळे पट्ट्यामागे ७२ रुपये वाचतात. महिन्याला पन्नास पट्टे धरले तर ३,६००. गाळ्याचं भाडं चार हजार आहे, म्हणजे ते जवळपास निघालं.

पण घर पट्ट्यांवर चालत नाही. ते चालतं द्राक्षाच्या कात्रीवर. छाटणी एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. मजुराच्या कमरेला कात्री उघडी खोचलेली, वाकला की मांडीत टोचते. पिंपळगावच्या एका बागायतदारानं विचारलं, याला घर करता का? खांद्याच्या कातड्याचं म्यान केलं, तळाला भोक, म्हणजे चिकाचं पाणी साचत नाही. ३५०ला विकतो, पाऊण तासात होतं, सव्वाशे सुटतात. वर्षातून दोनदा गठ्ठ्यानं जातात. बाकी निम्मी कमाई दुरुस्तीची: पिशव्यांच्या चेन, बुटांचे तळ. दुरुस्तीला माल थोडा आणि उधारी नाही. प्रदर्शनात मात्र दुरुस्तीची पाटी लावू देत नाहीत.

सरकारी योजना पटकन. चर्मकार महामंडळ १९७४ पासून आहे. विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, अठरा धंदे, त्यात आपलाही आहे, हत्यारांसाठी १५,००० रुपये मिळतात, कर्ज पहिलं एक लाखाचं, पाच टक्क्यांनी. घ्या. फक्त यादीतून हत्यारं निवडताना रापीचं पातं बघून घ्या. मार्च २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदीचा कायदा आला, तेव्हापासून बैलाचं कातडं राज्यात मिळेनासं झालं, म्हणून आम्ही बहुतेक म्हशीचं वापरतो, त्यावर बोलायचं होतं. कोल्हापुरीवर बोलायचं होतं: आठ जिल्ह्यांचं भौगोलिक मानांकन, म्हणजे ते नाव फक्त तिथल्याच मालाला, चार आपले, चार कर्नाटकातले, आणि तरी जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर ती चप्पल आधी कोल्हापूरचं नाव न घेता चालली. राहिलं ते.

तर घर चालतं का? चालतं, पायी. रिक्षा करायची ऐपत दिवाळीत येते.

पुढची चिठ्ठी आलीय, ती वाचत नाही. फक्त एक. त्या ढिगात तीन कोल्हापुऱ्यांचे अंगठे सुटायला आलेत आणि एका काळ्या सँडलचा तळ पुढून उघडलाय. आरी आणि मेणदोरा माझ्या पिशवीत आहे. ज्यांचे असतील त्यांनी चहा होईपर्यंत थांबा. लाजू नका, मी कोणाची कुठली ते सांगणार नाही. काळ्या सँडलला मात्र वीस मिनिटं लागतील.