काच आधी, बॉडी नंतर

गेल्या आठवड्यात आपल्याच कॉलनीतली एक मुलगी आईला घेऊन माझ्याकडे आली. फाइन आर्टला प्रवेश मिळालाय, फोटोग्राफी शिकायची आहे, आणि घरचा हिशोब करून १५ हजार रुपये बाजूला काढलेत. आई म्हणाली, ‘‘भाऊ, एवढ्यात धड काही मिळेल का? नाहीतर फोनवरच भागवू दे तिला.’’ मंडळाच्या चिटणिसांनी मला आजच्या बोलण्याचा विषय विचारला तेव्हा माझ्या डोक्यात त्या माउलीचा प्रश्नच होता. आज त्याचंच उत्तर देतो.

मिळेल. सेकंडहँड कॅमेरा नीट बघून घेतला तर चांगला मिळेल. लग्नाची कामं करणारे स्टुडिओवाले एकामागून एक मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे वळले, हौशी लोकांचं फोनवर भागायला लागलं, आणि दहा-बारा वर्षांपूर्वी मोठ्या हौसेनं घेतलेले डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेले, लेन्स बदलता येणारे कॅमेरे, घरोघरच्या कपाटांत पडून आहेत. कॅननचा ६००डी २०११ सालचा, निकॉनचा डी३२०० २०१२ चा, कॅननचा ७००डी २०१३ चा. तेव्हा हे कॅमेरे ज्या प्रतीचा फोटो काढत होते, त्याच प्रतीचा आजही काढतात. बाजारात त्यांची किंमत उतरली ती नवी मॉडेलं आली म्हणून.

फोनचं म्हणाल तर भर दुपारी आपल्या इंदूरच्या राजवाड्याचा फोटो फोन उत्तम काढतो, माझी काही तक्रार नाही. पण उजेड किती घ्यायचा, किती वेळ घ्यायचा, हे फोन परस्पर ठरवून मोकळा होतो. शिकणाऱ्या मुलाला ते स्वतःच्या बोटांनी करता आलं पाहिजे, चुकता आलं पाहिजे.

आता माझं मुख्य म्हणणं. आपल्या इंदुरात १८६६ साली सरकारी बांधकाम खात्यात एक तरुण नकाशे काढायच्या कामावर लागला. त्याचं नाव दीनदयाळ. पुढे ज्यांना सगळा देश राजा दीनदयाळ म्हणून ओळखायला लागला, तेच. १८७४ च्या सुमारास, तिशीत आल्यावर, त्यांनी कॅमेरा हातात घेतला आणि महाराज दुसरे तुकोजीराव होळकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्या काळचा कॅमेरा कसा असायचा? लाकडाची पेटी, मध्ये कापडी किंवा चामडी भाता, मागे काचेची प्लेट आणि पुढे पितळी नळीत बसवलेली लेन्स. पेटीचं काम एवढंच, की आत अंधार राखायचा. चित्र यायचं ते पुढच्या काचेतून. आजच्या बॉडीत शेकडो बटणं आणि मेनू भरलेत, तरी ही विभागणी तशीच आहे. आणि बहुतेक घरांत काय होतं? १५ हजारांतले १४ हजार बॉडीवर जातात, आणि काच म्हणून बॉडीबरोबर फुकट आलेली, दहा हातांतून गेलेली १८-५५ ची किट लेन्स पदरात पडते. माझा हिशोब असा: नऊ हजार बॉडीला, चार हजार लेन्सला, उरलेले दोन बॅटरी, कार्ड आणि साफसफाईला. बॉडी एका मॉडेलनं जुनी चालेल. काच मात्र स्वच्छच पाहिजे.

हे मी ठेच खाऊन शिकलो. माझी पहिली सेकंडहँड लेन्स मी संध्याकाळी, ट्यूबलाइटच्या उजेडात घेतली. दुकानदार म्हणाला, ‘‘भिया, एकदम टनाटन है।’’ बाहेरून होतीही टनाटन, एक ओरखडा नाही. मी पैसे मोजून दिले. पंधरा दिवसांनी मावसबहिणीचं लग्न होतं. अंतरपाटाच्या मागे मोठी खिडकी, खिडकीतून सकाळचं ऊन. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला, बहीण मान वर करून बघते आहे, आणि माझ्या फोटोंत तिच्या चेहऱ्यावर कुणी ताक सांडल्यासारखं पांढुरकं. एक नाही, सगळे तसेच. घरी येऊन लेन्समधून टॉर्च मारला तेव्हा दिसलं. आत, कडेकडेनं, बारीक मुळांसारखे पांढरे धागे पसरले होते. बुरशी. दुरुस्तीवाल्यानं उघडून साफ केली, पण म्हणाला, काचेवरचा लेप तिनं खाल्लाय, डाग राहणारच. लेन्स गेली त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. तो क्षण मात्र बहिणीला मी परत देऊ शकलो नाही.

म्हणून टॉर्चची ही तपासणी नीट समजून घ्या, आजच्या बोलण्यातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. लेन्स बॉडीपासून काढा. पुढचं-मागचं दोन्ही झाकण काढा. झूम असेल तर शेवटपर्यंत फिरवा. आत पात्यांचं एक भोक असतं, ते पूर्ण उघडं पाहिजे, नाहीतर काठ दिसत नाहीत आणि बुरशी काठावरच सुरू होते. कॅननची ईएफ लेन्स बॉडीबाहेर आपोआप उघडीच राहते. निकॉनची मात्र मिटलेली असते. तिच्या मागच्या बाजूला एक छोटी पट्टी असते, ती नखानं सरकवून धरायची, की पाती उघडतात. आता फोनचा टॉर्च मागून, थोडा तिरपा धरा आणि पुढून बघा. लेन्स हळूहळू गोल फिरवत राहा.

दोन-चार धुळीचे कण दिसतील. घाबरू नका, नव्या लेन्समध्येही असतात, फोटोत येत नाहीत. फांद्या फुटलेले धागे दिसले तर ती बुरशी, लेन्स खाली ठेवा आणि नमस्कार करा. सगळ्या काचेवर पुसट धुकं दिसलं तरी ती घेऊ नका. पात्यांवर तेलकट चमक असेल तर ती कधीतरी चिकटणार. आणि ओरखड्यांविषयी लोकांचा उलटा समज आहे. पुढच्या काचेवरचा एखादा बारीक ओरखडा फोटोत सहसा दिसत नाही, पण त्यापायी भाव बराच खाली येतो. तो आपण खुशाल घ्यावा. मागच्या काचेवरचा ओरखडा मात्र नको, तो त्रास देतो.

जमलं तर नाकाचाही उपयोग करा. वर्षानुवर्षं बंद असलेल्या बॅगेला पावसाळ्यातल्या गादीसारखा कुबट वास येतो. आपल्याकडे माळव्यात पावसाळ्याचे महिने सोडले तर हवा कोरडी, म्हणून इथला माल त्या मानानं बरा निघतो. मुंबईच्या आत्याकडे किंवा कोकणातल्या काकांकडे पडून असलेला कॅमेरा प्रेमानं मिळत असेल तर जरूर घ्या, पण टॉर्च मारल्याशिवाय नको. आणि घरी आणल्यावर चामड्याच्या केसमध्ये कोंडू नका. घट्ट झाकणाचा स्टीलचा किंवा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलची पुडी, एवढं पुरतं.

कुठली लेन्स? किट लेन्स झूम केली की तिचं भोक एफ ५.६ वर येतं. हा एफचा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं. ५० मिलिमीटरची साधी एफ १.८ लेन्स घेतलीत तर त्याच ठिकाणी जवळजवळ दहापट उजेड आत येतो. रात्री सराफ्यात जा. सोन्याचांदीच्या दुकानांची शटरं पडलीत, पुढे कढया लागल्यात, एका बल्बच्या उजेडात जिलबी सुटते आहे. किट लेन्सनं तिथे हललेला, दाणेदार फोटो येईल, एफ १.८ नं तळणाऱ्याच्या कपाळावरचा घामसुद्धा येईल. फक्त या बॉडींचा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी आतली चिप, महागड्या कॅमेऱ्यांच्या मानानं छोटा, म्हणून त्यांवर ५० ची लेन्स जरा जवळचं दाखवते, लहान खोलीत माणसं मावत नाहीत. घरातले, रस्त्यावरचे फोटो जास्त काढणार असाल तर निकॉनवाल्यांनी ३५ ची एफ १.८ शोधावी.

इथे निकॉनवाल्यांसाठी एक धोक्याची सूचना. डी३२००, डी३३००, डी५२०० या बॉडींत फोकसची मोटर नाही. त्यांना लेन्समध्येच मोटर असलेली एएफ-एस लेन्स लागते. जुनी ५० ची ‘डी’ लेन्स स्वस्तात मिळते म्हणून उचललीत तर फोकस हातानंच करावा लागेल. तीच लेन्स डी९० किंवा डी७००० वर आपोआप फोकस करते, कारण मोटर त्या बॉडीत आहे. कॅननमध्ये ही भानगड नाही. १९८७ पासूनची कुठलीही ईएफ लेन्स त्यांच्या डीएसएलआरवर आपोआप फोकस करते. त्यामुळे अगदीच नवख्याला मी कॅनन सुचवतो.

आता बॉडी. मोटारसायकलचं वय जसं किलोमीटरवर, तसं कॅमेऱ्याचं क्लिकवर. डी३२०० चं शटर, म्हणजे प्रत्येक फोटोला उघडझाप करणारा आतला पडदा, एक लाख क्लिकसाठी तपासलेलं असतं, डी७००० चं दीड लाखासाठी. म्हणजे एक लाख एकाव्या क्लिकला ते बंद पडतं असं नाही, पण ८० हजार चाललेल्या बॉडीला २० हजार चाललेल्या बॉडीचा भाव देऊ नका. निकॉनमध्ये हा आकडा प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये लिहिलेला असतो. समोर एक फोटो काढा, कार्डावरून मूळ फाइल घ्या, फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. व्हॉट्सॲपवर मागवू नका, तिथे फाइलमधली ही माहिती गळून पडते. कॅननच्या साध्या मॉडेलांत आकडा फाइलमध्ये येत नाही, तिथे डोळ्यांनीच बघायचं: शटरच्या बटणाची कड झिजलीय का, पकडीचं रबर फुगलंय का, स्क्रूच्या डोक्यांवर पेचकसाच्या खुणा आहेत का.

आकडा कमी आहे म्हणून लगेच हरखूनही जाऊ नका. तासनतास व्हिडिओ काढला तरी क्लिक तेवढे वाढत नाहीत. म्हणून लेन्सवर झाकण लावून चार-पाच सेकंदांचा एक फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून बघा. काळ्यावर दोन-चार रंगीत ठिपके ठीक. आकाशात चांदणं पडल्यासारखे दिसले तर सोडून द्या. मग मोकळ्या आभाळाकडे धरून एफ १६ वर एक फोटो: त्यात काळपट डाग दिसले तर ती सेन्सरवरची धूळ, साफ होते, पण त्याचे पैसे भावातून कापून घ्या. शेवटी आभाळाचाच एक फोटो सेकंदाच्या चार हजाराव्या भागावर. एक कड काळी आली तर शटर थकलंय.

आणि एक तपासणी खास आपल्या गावाची. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीत, कॅमेरा घेऊन जाणारे कमी नाहीत. रंगाच्या तोफा, पाण्याचे टँकर, हवेत गुलाल. ते कॅमेरे पुढच्या महिन्यात पुसून-बिसून विकायला येतात. फ्लॅश बसतो ना, त्या धातूच्या खाचेत, झूमच्या रबराखाली आणि बॅटरीच्या झाकणाच्या बिजागरीत कानातली काडी फिरवा. काडी गुलाबी निघाली तर त्या कॅमेऱ्यानं गेर पाहिली आहे. झूम फिरवताना वाळूसारखी करकर येत असेल तर रंग आतपर्यंत गेलाय.

मेगापिक्सेलवर मी वेळ घालवत नाही. १६ मेगापिक्सेलच्या डी७००० चा फोटो ४९२८ बाय ३२६४ ठिपक्यांचा असतो. लग्नाच्या अल्बमचं १२ बाय १८ इंची पान त्यातून सुरेख छापतं. हां, पालक एका गोष्टीला हमखास भुलतात: पन्नासपट झूमवाला, दिसायला दणकट असा एकसंध कॅमेरा. त्याची लेन्स निघत नाही, आणि आतला सेन्सर साधारण ६ बाय साडेचार मिलिमीटरचा. आपण ज्या बॉडींबद्दल बोलतोय त्यांचा सेन्सर त्याच्या बारा-तेरा पट मोठा. शिकायला तो झूमवाला घेऊ नका.

कुणाकडून घ्यावा? माझी पहिली पसंती हौशी माणसाला. मुलगा झाला तेव्हा घेतला, मुलगा दहावीला गेला, कॅमेरा कपाटात. अशा घरी दिवसाउजेडी जा. ते कुठल्या सहलीचे फोटो काढले ते सांगतात, बिल शोधून देतात, चार्जरही मूळचा असतो. दुकानातून घेतलात तर महिनाभराची हमी कागदावर लिहून घ्या. ऑनलाइन कुणी ‘बदली झालीय, आधी पैसे टाका, कॅमेरा कुरिअरनं पाठवतो’ म्हणाला तर तिथल्या तिथे बोलणं संपवा. बिलावरचा सिरीयल नंबर आणि बॉडीच्या तळाचा नंबर जुळवल्याशिवाय पैसे देऊ नका. चोरीचा माल असाच फिरतो. बिल हरवलंय असं म्हणाले तर साध्या कागदावर नंबर, तारीख आणि विकणाऱ्याची सही घ्या, खरा मालक त्याला नाही म्हणत नाही.

त्या मुलीला काय मिळालं ते सांगायचं राहिलं. ७००डी, बॉडीवर पुढच्या बाजूला एक खरवड, आणि ५० ची एफ १.८. बॉडी साडेआठ हजारांना, लेन्स चार हजारांना. रविवारी सकाळी ती कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर, होळकरांच्या त्या समाधींवर, गेली होती, तिनं मला तीन फोटो दाखवले. दोन हललेत. तिसऱ्यात खांबाच्या नक्षीवर तिरपं ऊन आहे आणि एक कबुतर उडायच्या बेतात.

मी इथे टेबलावर दोन लेन्स ठेवल्या आहेत. एक स्वच्छ आहे, एक मावसबहिणीच्या लग्नातली. चहा येईपर्यंत मुलांनी पुढे यावं, आपापल्या फोनचा टॉर्च लावावा आणि कुठली कोणती ते मला सांगावं.