छंदाचा धंदा आणि न धरलेली मजुरी

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय ‘छंदातून ऑनलाइन व्यवसाय’ असा छापलाय. मी घरगुती उद्योगांचे हिशेब बघते, त्यामुळे स्फूर्ती वगैरे माझ्याकडून फारशी मिळणार नाही, हे आधीच सांगते. मी बोलणार आहे भाजणीबद्दल. थालीपिठाच्या.

हे काम ज्यांना मनापासून आवडतं त्यांना ठाऊक आहे, की बाजरी, ज्वारी, तांदूळ, हरभराडाळ, उडीद एकाच कढईत ओतून भाजत नाहीत. प्रत्येकाची आच वेगळी, वेळ वेगळा. धने-जिरे शेवटी, गॅस बंद करून, कढईच्या उरलेल्या धगीवर. मग गिरणी. आपल्या आधी कुणाची मिरची दळून गेलीय का, ते बघायचं. गेली असेल तर थांबायचं. घरी आणलेलं पीठ गरम असतं. घाईने तसंच पाउचमध्ये भरून सील केलं, की आत वाफ धरते, गुठळ्या होतात, वास येतो. म्हणून परातीत पसरून पूर्ण गार करायचं, मगच वजनकाटा.

आता वही उघडू. आकडे मी उदाहरणासाठी घेतेय, तुमच्या गावचे तुम्ही घाला. एका किलोला धान्य आणि डाळी ९५ रुपये, धने-जिरे १५, गॅस १०, दळण १०, पाउच आणि लेबल १०. झाले १४०. विकायची २०० ला. किलोमागे ६० सुटले, १० किलोंना ६००. वही इथे संपते आणि सगळे खूश होतात.

पण या १० किलोंना निवडण्यापासून पोस्टात नेऊन देईपर्यंत वेळ किती गेला? भाजायलाच अर्धा दिवस. गिरणीत ताटकळणं, गार करणं, भरणं, सील करणं. शिवाय ‘ताई, तिखट आहे का?’, ‘उपासाला चालेल का?’ अशा मेसेजना उत्तरं देणं. अहो, बाजरीची भाजणी उपासाला! १२ तास धरा. म्हणजे तासाला ५० रुपये. घरी पोळ्यांना येणाऱ्या मावशी या दराने येतील का, विचारून बघा. त्या हसतील.

माझं म्हणणं एवढंच आहे. आवडीचे धंदे बहुतेकदा मालाच्या दोषाने अडत नाहीत, स्वतःची मजुरी न धरल्यामुळे अडतात. आवड असते म्हणून पहिले सहा महिने कळत नाही. पुढे दिवाळीच्या ऑर्डरी येतात, मदतीला बाई ठेवावी लागते आणि तिला द्यायला दरात जागाच नसते. मग भाव एकदम वाढवावा लागतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, ‘धंदा चालला म्हणून चढलात.’

गिरगावात १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तीच पुढे लिज्जत झाली. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मला त्यात ८० रुपयांपेक्षा वणाई महत्त्वाची वाटते, म्हणजे किलोमागे लाटण्याची ठरलेली मजुरी. लाटणारी बाई संस्थेची सभासद, म्हणजे मालकीणच. तरी लाटण्याचे पैसे वेगळे मोजले जातात. तिथे आवड-बिवड प्रश्नच नव्हता, घर चालवायचं होतं. म्हणूनच हिशेब सरळ राहिला असावा.

दुसरी गोष्ट पार्सलची. तुमच्या हातचा पातळ पोह्यांचा चिवडा सोसायटीत प्रसिद्ध असेल. पण पाऊण किलो चिवडा न चुरता पाठवायला २५ बाय २० बाय १५ सेंटिमीटरचा खोका लागतो. कुरिअरवाले अनेकदा खोक्याच्या आकारावरून वजन धरतात: सेंटिमीटरमधली लांबी, रुंदी, उंची गुणून ५००० ने भागतात. ७५०० भागिले ५०००, म्हणजे दीड किलो. माल पाऊण किलो, भाडं दीड किलोचं! त्याच खोक्यात तीन किलो भाजणी बसते आणि तुटण्याचा प्रश्नच नाही. चिवडा शेजारपाजारी विका, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला लांब पाठवा.

आणि उकडीचे मोदक? ते तर लांब जाणारच नाहीत. पण मोदक शिकवता येतात. पारी कडेला किती पातळ हवी, अंगठा आत आणि बोटं बाहेर ठेवून कळी कशी ओढायची, हे पुस्तकात वाचून येत नाही. वरून लावलेल्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात छान दिसतं. गणपतीच्या आधीच्या शनिवारी आपल्या संध्याकाळी वर्ग ठेवला, तर न्यू जर्सीत सकाळ असते. तिथल्या मुली त्यांच्याकडे मिळणारं तांदळाचं पीठ घेऊन बसतात, त्याला पाणी कमी-जास्त लागतं, ते तिथल्या तिथे सांगता येतं. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली आयातशुल्काची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून गेली. म्हणजे तिकडे पाठवलेल्या खाऊवरही शुल्क आलं. वर्गाला कस्टम नाही, खोका नाही, आणि मजुरी पहिल्या मिनिटापासून मोजलेली.

कागदपत्रांचं भराभर सांगते. घरच्या स्वयंपाकघरातून विकलं तरी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. तिचा १४ अंकी नंबर पाकिटावर छापायचा. शिवाय घटक, निव्वळ वजन, कधी बनवलं, कधीपर्यंत चांगलं, हिरवा ठिपका आणि पत्ता. पत्ता म्हणजे तुमच्या घराचा, हे लक्षात असू द्या. अनेकींना ते तिथेच खटकतं आणि खटकणं रास्त आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे, तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. जीएसटीचं मात्र बघा: करपात्र माल राज्याबाहेर विकायचा असेल तर उलाढाल लहान आहे म्हणून नोंदणीतून सुटका नाही. हाताने केलेल्या काही वस्तूंना सवलत आहे, भाजणीला नाही.

व्हॉट्सअ‍ॅपची एक गंमत. ब्रॉडकास्ट लिस्टवर, म्हणजे एकदम अनेकांना वेगवेगळा जाईल असा पाठवलेला मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. पहिल्या ऑर्डरीच्या वेळी ‘नंबर सेव्ह करा’ एवढं सांगायचं राहिलं, तर दिवाळीची जाहिरात हवेत जाते.

आत्ता मागून प्रश्न आला, की नातेवाइकांना काय दर लावायचा. बरं झालं विचारलंत. दर सगळ्यांना एकच. आत्याकडून पैसे घ्यायला जीव होत नसेल तर घेऊ नका, पण वहीत पाकिटाची पूर्ण किंमत लिहा आणि समोर ‘भेट’ म्हणून मांडा. वर्षाअखेरीस बेरीज करा. ती वही आत्याला दाखवू नका म्हणजे झालं.