भूक रजेवर जाते

(साताऱ्यातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

नमस्कार. ताईंनी माझी ओळख करून देताना 'वजनावर विजय मिळवलेल्या' असं म्हटलं. विजय वगैरे काही नाही हो. 2018 च्या नोव्हेंबरात पुण्याला माझं वजन उतरवायचं ऑपरेशन झालं तेव्हा माझं वजन 112 किलो होतं आणि उंची 5 फूट 1 इंच. दीड वर्षात मी 78 वर आले. आज सकाळी काट्यावर उभी राहिले तर 84. म्हणजे सहा किलो परत आलेत. त्यांच्याबद्दलही बोलणार आहे, पण जरा नंतर.

मी डॉक्टर नाही. अठ्ठावीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कॅश काउंटरवर. त्यामुळे मोजायची आणि लिहून ठेवायची खोड आहे. ऑपरेशननंतरच्या माझ्या तीन वह्या भरल्यात. आज सांगणार ते त्या वह्यांमधलं, आणि जे डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञ बाईंनी पुन्हा पुन्हा डोक्यात घातलं ते.

आधी ऑपरेशन म्हणजे काय ते. बऱ्याच जणींना वाटतं की चरबी काढतात. चरबीला कुणी हातही लावत नाही. माझं झालं त्याला स्लीव्ह म्हणतात, म्हणजे बाही. दुर्बिणीतून जठर उभं कापतात आणि पाऊण भागाहून जास्त काढून टाकतात. उरतं ते केळ्याएवढं, चहाचा एक कप मावेल इतकं. दुसरा प्रकार बायपास. त्यात जठराचा लिंबाएवढा भाग ठेवून तो थेट पुढच्या आतड्याला जोडतात. हे नवीन फॅड आहे असं आमच्या एका पाहुण्यांचं म्हणणं होतं. त्यांना सांगितलं, काका, बायपास 1966 पासून होतोय. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन नावाच्या सर्जनच्या लक्षात आलं होतं की अल्सरसाठी ज्या बायकांचं अर्धंअधिक जठर काढलंय त्यांचं वजन वाढतच नाही. तिथून हे सुरू झालं.

स्लीव्हमध्ये जो भाग काढून टाकतात ना, त्याच्या वरच्या फुग्यात घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक तयार होतं. तो फुगाच गेला, की भूक खूप कमी होते. माझी तर गेलीच. मी शुद्धीवर आले, दुसरा दिवस गेला, तिसरा गेला, पण पोटात कावळे ओरडेनात. चौथीत असल्यापासून मला भूक लागली नाही असा एक दिवस आठवत नाही. मी घाबरून नर्सला विचारलं, 'सिस्टर, हे असंच राहणार का?' ती म्हणाली, 'नाही मावशी, येईल परत. भूक रजेवर गेलीय, राजीनामा नाही दिला तिने.'

वह्यांच्या पहिल्या पानावर मी हेच वाक्य लिहून ठेवलंय. रजा साधारण वर्षाची, फार तर दीड वर्षाची. त्या काळात जे शिकायचं ते शिकून घ्यायचं. रजा संपवून ती आली की मग शिकवणी लावून उपयोग नाही.

पहिले दिवस सांगते. ऑपरेशनच्या संध्याकाळीच उठवून चालायला लावतात. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. पोटात गॅस भरलेला असतो, तो छाती-पोटामधल्या पडद्याला टोचतो आणि दुखतो मात्र खांदा. मला वाटलं हार्ट अटॅक. औषधाच्या बाटलीबरोबर तो प्लॅस्टिकचा छोटा कप येतो ना, 30 मिलीचा, त्यातून पाणी प्यायचं. घोट घोट, आणि एक कप संपवायला दहा-पंधरा मिनिटं. दिवसभर तेच काम. पहिले दोन आठवडे पातळ: वरणावरचं पाणी, ताक, गाळलेलं मुगाचं कढण, आणि प्रोटीन पावडर, जिची चव आजही सांगवत नाही. मग दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं. मग मऊ. दोन महिन्यांनी हळूहळू आपलं नेहमीचं. घरी आल्यावर ताप, छातीत धडधड, नाडी एकशेवीसच्या पुढे, पोटात वाढत जाणारी कळ, यातलं काहीही झालं तर ओवा खाऊन बघू वगैरे करायचं नाही. रात्र असली तरी डॉक्टरला फोन.

आता वाटीची गोष्ट. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, छोट्या भांड्यात खा. घरातली सगळ्यात छोटी वाटीसुद्धा मला मोठी. शेवटी मी देवघरातली नैवेद्याची चांदीची वाटी काढली आणि त्यात मुगाचं वाटण घेऊन जेवायला बसले. सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, समोरच बसलेल्या. बघितलं, आणि काही न बोलता आत गेल्या. मला वाटलं आता हे महाभारत होणार. बाहेर आल्या त्या हातात लहान पळी घेऊन. म्हणाल्या, 'चमचा मोठा होतोय तुला. ह्यानं खा. देवाला चालतंय तर तुला न चालायला काय झालं?' पाच महिने मी त्या वाटीत जेवले. देवाला त्या काळात पितळेच्या वाटीत नैवेद्य होता.

पण त्याच आत्यांनी एकोणिसाव्या दिवशी मला तूप लावलेल्या गरम चपातीचा पापुद्रा दिला. 'एवढ्यानं काय होतंय?' मीही घेतला. त्यांना दोष देत नाही, जीभ माझी होती. नीट चावला नाही, तो छातीच्या मधोमध अडकला. जड दगड ठेवल्यासारखं वाटतं, आणि मग तोंडात लाळेचा फेस यायला लागतो. मोरीत अर्धा तास मी फेस थुंकत उभी होते. चपाती ओली झाली की कणकेचा गोळाच होतो. भातही फुगतो. भाकरी त्यापेक्षा बरी, दुधात किंवा वरणात कुस्करून. घास करंगळीच्या नखाएवढा, वीस-पंचवीस वेळा चावायचा, आणि जेवताना पाणी नाही. जेवणानंतरही अर्धा तास नाही. सातारकरांना जेवताना तांब्याभर पाणी लागतं, त्यामुळे मला सगळ्यात अवघड हेच गेलं.

आणि प्रोटीन. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम हवं. आपल्या घरात ताटाचा क्रम कसा असतो? आधी चपाती, मग भाजी, भात, वरण चवीपुरतं. तो उलटा करावा लागतो. आधी पनीर, चक्का, उसळ, अंडं खात असाल तर अंडं. पोटात जागा उरली तर भाजी, आणि त्याहून उरली तर भाकरीचा तुकडा. आमच्या कोकणातल्या जाऊबाईंचं याच कारणानं सोपं झालं असतं, मऊ मासा लगेच उतरतो. मी शाकाहारी. त्यात उपवास. एकादशी दुप्पट खाशी हे आपल्याला माहीतच आहे, पण माझी अडचण वेगळीच झाली, साबुदाण्यात नावाला प्रोटीन नाही. एकादशी मी सोडली. पांडुरंग समजून घेईल, त्याच्याशी माझा जुना व्यवहार आहे.

सहाव्या महिन्यात पुतण्याचं लग्न. पंगतीत मठ्ठा आणि जिलबी. तोपर्यंत 26 किलो उतरलेली, अंगावर नवी पैठणी, सगळे बघतायत, मी हवेत. एक जिलबी खाल्ली. पंधरा मिनिटांत घाम फुटला, हातपाय गार, छाती धडधडायला लागली, पोटात मुरडा. वरातीचे बँडवाले आले आणि मी कार्यालयाच्या गोदामात सतरंज्यांच्या ढिगावर आडवी. गोड झपकन आतड्यात उतरतं म्हणून हे होतं, डम्पिंग म्हणतात त्याला. बायपासवाल्यांना जास्त होतं, पण स्लीव्हवालेही सुटत नाहीत. काहींना लगेच नाही, दोन-तीन तासांनी होतं. साखर एकदम खाली जाते आणि चक्कर येते. उसाचा रस, आमरस, पुरणपोळी यांच्याशी सांभाळून.

पण त्या दिवशी मला जिलबीपेक्षा आग्रहानं जास्त थकवलं. 'माझ्या हातचा एक घास.' 'आता काय उपाशी मरणार का?' आपल्याकडे माया ताटात वाढतात. ताट परत केलं की माया परत केली असं होतं. मी एक युक्ती काढली. 'नको' म्हणायचं नाही, 'डब्यात द्या' म्हणायचं. वाढणारीचं समाधान होतं आणि डबा घरी मुलांना जातो.

केसांचं बऱ्याच जणी विचारतात. चौथ्या महिन्यात मोरीच्या जाळीवर रोज केसांचा बोळा. मी रडले. झपाट्यानं वजन उतरलं की शरीर केसांना सुट्टी देतं. बाळंतपणानंतर गळतात ना, तसंच. बहुतेकींचे परत येतात, माझे आले. पण गोळ्या मात्र जन्मभर आहेत: मल्टिव्हिटॅमिन, लोह, कॅल्शियम, डी, आणि बी-12. बी-12 शोषून घ्यायला जठरातलाच एक पदार्थ लागतो, आणि जठरच कापलेलं. त्यात शाकाहारी माणसांत बी-12 आधीच कमी. 'आता बारीक झाले, गोळ्या कशाला?' म्हणून सोडणारी माणसं मी पाहिलीत, दोन वर्षांनी हातपायांना मुंग्या घेऊन येतात. आणि उलट्या चार-पाच दिवस चालू राहिल्या तर ते साधं पित्त समजू नका. बी-1 संपतं, डोळ्यांना दोन-दोन दिसायला लागतं, चाल बिघडते. ताबडतोब दवाखाना.

आणखी काही भराभर सांगते. मधुमेहाच्या आणि बीपीच्या गोळ्या ऑपरेशननंतर काही दिवसांतच कमी कराव्या लागू शकतात, डॉक्टरांना विचारून, आपल्या मनाने नाही. बायपास झाला असेल तर अंगदुखीच्या ब्रुफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या टाळायच्या, आतल्या जोडावर अल्सर होतो. तरुण मुलींनी दीड वर्ष दिवस जाऊ द्यायचे नाहीत. वजन उतरलं की पाळी नियमित होते, आणि ज्यांना वर्षानुवर्षं राहत नव्हतं त्यांना अचानक राहतं. मागे बसलेल्या पुरुषमंडळींना एक. बायपासनंतर दारू फार लवकर चढते, आणि दुसऱ्या वर्षात व्यसन लागण्याचं प्रमाण वाढतं. पूर्वी जी भूक ताटात भागायची ती ग्लासात जाते.

विम्याचं. मला विमा मिळाला नाही. 2019 मध्ये विमा नियामकाने नियम ठरवून दिलेत. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) 40 किंवा वर, नाहीतर 35 किंवा वर आणि सोबत अनियंत्रित मधुमेह किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास यासारखं काही, तर दावा करता येतो. आपली पॉलिसी आधी वाचा.

लोक काय म्हणाले ते सांगायला वेगळं व्याख्यान लागेल. 'पैसे टाकून बारीक झाली' हे एक. 'किती उतरलीस गं, शुगर झाली का?' हे दुसरं. पण मला खरा त्रास दिला माझ्याच शरीरानं. आमच्या शाखेत कॅश काउंटर आणि तिजोरीच्या खोलीच्या मध्ये अरुंद वाट आहे. वीस वर्षं मी तिथून आडवी होऊन जायचे. 34 किलो उतरल्यावरही आडवीच जायची. एकदा शिपाई म्हणाला, 'मॅडम, सरळ या की, जागा आहे.' मी थबकले, आणि सरळ गेले. दोन्ही बाजूंना वीतभर जागा होती. त्या दिवशी रोख जुळवताना मी दोनदा चुकले. एसटीत आजही खिडकीशी अंग चोरून बसते. दंडाची कातडी लोंबते, पोटाची लोंबते. ती ओढून शिवता येते, वजन स्थिरावल्यावर. मी नाही केलं. ब्लाउजची बाही कोपरापर्यंत शिवून घेते, झालं.

आता ते सहा किलो. 78 वर मी पोहोचले ते लॉकडाऊनमध्ये. बँक चालू होती, पण संध्याकाळ रिकामी. आणि भूक रजेवरून परत आली. आवाज न करता येते ती. पोट थोडं सैलावतं, शरीर हुशार होतं. पण मला पकडलं फरसाणानं. हे नीट ऐका, कारण हे कुणी आधी सांगत नाही. पोट अडवतं ते भाकरीला. फरसाणाला, खारीला, चहात बुडवलेल्या बिस्किटाला ते अडवत नाही. ते विरघळतं आणि सरकत जातं. दोन घास उसळीनं भरणारं पोट संध्याकाळभरात वाटीभर शेव गिळतं आणि कळतही नाही. वहीत त्या चार महिन्यांची पानं कोरी आहेत. लिहायला लाज वाटत होती.

मी आहारतज्ज्ञ बाईंकडे तोंड चुकवत वर्षाने गेले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मला स्वीडनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे आकडे दाखवले. बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्के उतरलं होतं, आणि दहा वर्षांनी ते 25 टक्क्यांवर थांबलं होतं. थोडं परत येणं हिशोबातच धरलेलं असतं. मी तिथेच कागदावर भागाकार केला. 112 मधले 34 गेले होते ते तीस टक्के. आता 28 गेलेत, ते बरोबर पंचवीस. ताळेबंद जुळला. बँकवालीला याहून मोठा दिलासा काय असणार? घरी येऊन वही उघडली आणि पुढच्या पानावर तारीख घातली.

वेळ संपत आलीय, आणि मागे बटाटेवडे आलेत त्याचा वासही आलाय. मी अर्धा वडा घेणार आहे, आतलं सारण जास्त. तो संपायला मला वीस मिनिटं लागतील, तेवढ्यात तुमचे प्रश्न विचारून घ्या. चहा मात्र आत्ता नको. थर्मासमध्ये ठेवा, अर्ध्या तासाने घेईन.