काँगचा आवाज

श्रोतेहो, नमस्कार. १९३३ साली ‘किंग काँग’ आला तेव्हा बोलपट नुकते कुठे रुळत होते. महाकाय वानर ओरडेल तरी कसा? ध्वनिमुद्रक मरे स्पिवॅक यांनी सिंहाच्या आणि वाघाच्या डरकाळ्या घेतल्या, त्या उलट्या फिरवल्या, संथ केल्या आणि एकमेकींत मिसळल्या. मुद्रण निम्म्या वेगानं चालवलं की आवाज एक सप्तक खाली उतरतो आणि दुप्पट लांबतो. मोठ्या छातीचा भास होतो तो या दोन्हींमुळे.

छाती बडवण्याचा आवाज त्याहून अवघड. नगारा घुमतो, पण त्याला मांस नसतं. स्पिवॅकनी सहकाऱ्याच्या पाठीला मायक्रोफोन लावला आणि मऊ टोकाच्या काठीनं त्याच्या छातीवर ठोके दिले!

पडद्यावरचा काँग होता सुमारे दीड फुटाचा बाहुला. आत सांधे असलेला धातूचा सांगाडा, वर कापूस, रबर आणि सशाची कातडी. विलिस ओब्रायन यांची मंडळी तो जरा हलवत आणि एक चित्र घेत. सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे दहा सेकंदांसाठी २४०. दर वेळी बोटं लागून केस विस्कटत, म्हणून त्याची लव सतत सळसळते. खरं तर ही चूक, पण बघणाऱ्याला वाटतं, रागानं अंग फुललंय.

पीटर जॅक्सन यांनी २००५ साली तीच कथा, तोच १९३३चा काळ ठेवून नव्यानं मांडली. त्यांचा काँग २५ फुटांचा, म्हातारा, जखमांचे व्रण वागवणारा गोरिला आहे. चालताना तो बोटांच्या पेरांवर भार देतो. अँडी सर्किस यांनी अभिनय केला, त्यांच्या हालचाली आणि चेहरा संगणकानं टिपला. चित्रीकरणात ते नायिकेसमोर हजर असत. त्यांचा आवाज यंत्रानं खाली उतरवून तिथेच कर्ण्यांतून सोडला जाई. नाओमी वॉट्स दचकते ती त्या आवाजाला. तिची नजर हवेत भरकटत नाही, कारण समोर माणूस आहे.

तीन तास सात मिनिटं मात्र जास्तच. काँगच्या बेटावर पोहोचायलाच फार वेळ जातो.

पण न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीच्या माथ्यावरचा सूर्योदय चुकवू नका. बेटावर नायिकेनं छातीवर हात ठेवून ‘सुंदर’ म्हटलेलं असतं. इथे तीच खूण काँग करतो, आणि या वेळी डरकाळी नाही.