खिळ्याच्या डोक्यापर्यंत

(खिळ्याचा क्लोजअप)
हवे आहेत ते या खिळ्यावरच्या खाचेचे कोऑर्डिनेट्स. मोजणारा जीपीएस अँटेना मात्र तिच्या दोन मीटर वर, पोलच्या टोकाला आहे.

त्याच्याकडे येणारे उपग्रहांचे संदेश सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून निघालेले असतात. संदेश कधी निघाला आणि उपग्रह तेव्हा कुठे होता, हे संदेशातूनच कळतं. पोचल्याची वेळ रिसीव्हर बघतो. मधल्या वेळाला प्रकाशाच्या वेगाने गुणलं की अंतर मिळतं. पण रिसीव्हरचं घड्याळ साधं, क्वार्ट्झचं. ते एका मायक्रोसेकंदाने चुकलं तर अंतर 300 मीटरने चुकतं. म्हणून एक्स, वाय, झेड यांच्या जोडीला घड्याळाची चूकही शोधावी लागते. अज्ञात चार, तेव्हा उपग्रह किमान चार. एवढ्याने जागा काही मीटरपर्यंत कळते. मोजणीला ती पुरत नाही.

सेंटिमीटर मिळतो तो वाहक लहरीतून, म्हणजे संदेश ज्या रेडिओ लहरीवरून येतो तिच्यातून. जीपीएसच्या एल-वन लहरीची लांबी 19 सेंटिमीटर, आणि तिचा साधारण शंभरावा भाग रिसीव्हरला मोजता येतो. अडचण अशी, की लहरीचा सुटा अंश कळतो. उपग्रहापासून इथवर पूर्ण लहरी किती, ते कळत नाही.

(तिपाईवरचा बेस, मागे रोव्हर)
त्यासाठी हा बेस, कोऑर्डिनेट्स माहीत असलेल्या बिंदूवर ठेवलेला दुसरा रिसीव्हर. पोलवरचा तो रोव्हर. बेस आणि रोव्हर एकाच क्षणी तेच उपग्रह पाहतात. दोघांची मापं वजा केली की उपग्रहाच्या घड्याळाची चूक उडते. कक्षेची आणि आयनोस्फिअरची, म्हणजे वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित थराची, दोघं जवळ असतील तर, बरीचशी. मग दोन उपग्रहांमधला फरक घेतला की रिसीव्हरची घड्याळंही हिशेबाबाहेर जातात. आता पूर्ण लहरींचा आकडा पूर्णांकच यायला हवा. तो अपूर्णांकात आहे तोवर स्क्रीनवर फ्लोट.

(कंट्रोलरची स्क्रीन)
हा फिक्स आला, म्हणजे पूर्णांक ठरले. डेसिमीटरचे आकडे सेंटिमीटरवर उतरले.

इथे घाई करू नका. फिक्स म्हणजे गणिताने अनेक शक्यतांतून निवडलेला एक संच, आणि ती निवड चुकू शकते. झाडाखाली, पत्र्याच्या शेडजवळ, काचेच्या भिंतीशेजारी लहरी परावर्तित होऊन येतात. खोटा फिक्स बसला तरी स्क्रीन सेंटिमीटरच दाखवते. फिक्स तोडा, नव्याने घ्या, तोच बिंदू पुन्हा मोजा. महत्त्वाचा बिंदू असेल तर काही तासांनी, उपग्रहांची मांडणी बदलल्यावर.

(पोलवरचा बुडबुडा)
दोन मीटरचा पोल एक अंश कलला की वरचं टोक साडेतीन सेंटिमीटर सरकतं. अँटेनाची उंची उभी मोजली की तिरकी, तळापर्यंत की फेज सेंटरपर्यंत (अँटेनात लहर जिथे पोचली असं धरतात तो बिंदू), हे कंट्रोलरमध्ये भरलेल्या पद्धतीशी जुळलंच पाहिजे. ही चूक कुठलाही उपग्रह पकडून देत नाही. बेसची उंची चुकली तर त्या दिवसाच्या सगळ्या बिंदूंची उंची चुकते, आणि दोन दिवसांची कामं जोडताना उतार बिघडतो. म्हणून काम सुरू करण्याआधी एक ज्ञात बिंदू तपासायचाच.

स्क्रीनवरची उंची लंबगोलावरून, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारावरून, मोजलेली असू शकते. तशी असेल तर जिऑइड मॉडेल (लंबगोल आणि सरासरी समुद्रसपाटीचा पृष्ठभाग यांतला फरक) लावल्याशिवाय ती लेव्हलिंगच्या, म्हणजे समुद्रसपाटीपासून काढलेल्या उंचीच्या, आकड्याशेजारी लिहू नका.