हवेतली सुई

नमस्कार श्रोतेहो. घरात कुणी पीत असलं की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला: दोन दिवस खोलीत कोंडा, उतरेल सगळी. माझ्या मामाला असंच कोंडलं होतं.

मामा शिंपी. शर्टाची काजं हातानं करायचा. हल्ली ती मशीनवर होतात आणि चार धुण्यांत उसवतात. पण तो विषय निघाला की मी थांबत नाही, म्हणून राहू दे. तर सकाळी मामाचे हात असे थरथरायचे की सुईत दोरा जाईना. मग कपाटामागची चपटी, दोन घोट, आणि थोड्या वेळात हात स्थिर. गल्ली म्हणायची, शिंप्याला सकाळी उठल्यापासून लागते. लागायची खरीच. पण मजेसाठी नाही हो, दोरा ओवायला. पुन्हा सांगतो, मजेसाठी नाही, दोरा ओवायला.

मामीनं त्यावर तोड काढली. रात्री भांडी आवरली की दहा-बारा सुया ओवायची, पांढरा दोरा, काळा, खाकी, आणि गोधडीच्या तुकड्यात खोचून ठेवायची. गिऱ्हाइकाला कळायला नको.

एका श्रावणात थोरल्या मामांनी त्याला माळ्यावर कोंडलं. पहिला दिवस शिव्या. दुसरा दिवस घाम आणि ओकाऱ्या. तिसऱ्या दिवशी मी खिडकीतून डोकावलो, तर मामा मांडी घालून बसलेला. दोरा ओठांत ओला केला, डोळ्यांसमोर धरून ओवला, गाठ मारली, दातानं तोडला. पुन्हा पुढची सुई. हातात ना सुई, ना दोरा! मला म्हणाला, "मामीला सांग, खाकी रीळ संपलं." मी हसलो, श्रोतेहो. बारा वर्षांचा होतो. मामी आली, तिनं एकदा पाहिलं आणि अनवाणीच रिक्षा आणायला पळाली. म्हणून मामा वाचला.

झालं होतं असं. दारू मेंदूला दाबून ठेवते. वर्षानुवर्षं दाबलेला मेंदू उलटा जोर लावायला शिकतो. दारू एकाएकी काढली की तो जोर मोकाट सुटतो. कंप, फिट, भास, आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर जीवही जातो. म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. कोंडू तर नकाच.

पुढे व्यसनमुक्ती केंद्र. पुण्यात मुक्तांगण १९८६ साली सुरू झालं, त्याच्या आधी आपल्याकडे अशी केंद्रं अगदी मोजकी, व्यसनी माणूस बहुतेक वेळा वेड्यांच्या इस्पितळात नाहीतर मांत्रिकाकडे जायचा. मामाच्या केंद्रातल्या बाई मामीला म्हणाल्या, "ताई, उद्यापासून सुया ओवायच्या नाहीत." मामी रडली. "आता सुई ओवणं पण पाप का?" पाप नव्हे. पण त्या ओवलेल्या सुयांच्या आडोशानंच मामाचं पिणं इतकी वर्षं झाकलेलं राहिलं होतं. हे पचायला तिला मामापेक्षा जास्त दिवस लागले.

दिवाळीत मामा घसरला. पुन्हा केंद्र. शिमग्याला पुन्हा घसरला. घसरणं हा या आजाराचाच भाग आहे. मधुमेह्याची साखर वाढली तर आपण त्याला नालायक म्हणतो का? मग तो अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभांना जाऊ लागला. १९३५ साली अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनीच सुरू केलेलं हे काम. तिथं जन्माची शपथ नसते, फक्त आजचा दिवस प्यायचं नाही. मामा तेवढंच म्हणायचा, आजचा दिवस.

कुणाला विचारायचं असेल तर सरकारचा मोफत नंबर आहे, १४४४६. लिहून घ्या, एक चार चार चार सहा.

परवा मामाकडे गेलो होतो. आता चष्मा लागलाय, दोरा काही केल्या जाईना. मामी शेजारीच शेंगा सोलत बसलेली. उठली नाही. सहाव्या खेपेला दोरा गेला.

"वय झालं," मामा म्हणाला.

"तुमचं एकट्याचं?" मामी म्हणाली, आणि शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं.

नमस्कार.