वासाचा गुलाब

(दृश्य: पुण्यातली गच्ची. डिसेंबरची सकाळ, दवाने ओली पानं.)

साडेसात वाजलेत. ऊन कठड्यावरून नुकतंच कुंड्यांवर उतरतंय. कोपऱ्यातल्या रोपावर गडद, काळपटाकडे झुकणारं लाल फूल अर्धं उमललंय. पाकळ्या मखमलीसारख्या. पडद्यावरून वास पोचत नाही, म्हणून सांगते. आधी लिंबाची साल खरवडल्यासारखा झणका येतो आणि मागून गुलकंदाची बरणी उघडल्यासारखा जड गोडवा.

हा पापा मेयाँ. फ्रान्समधली, 1963 सालची जात.

आता बाजारातून आणलेला हा लांब दांड्याचा गुलाब. हुंगून पाहिला, तर ओल्या पानांचा वास येतो, बस्स. मावळातल्या पॉलिहाऊसमधून फेब्रुवारीत पेट्या भरभरून जातो, तो हा. त्याचा काही दोष नाही. पैदास करणाऱ्यांनी सरळ दांडा पाहिला, रंग पाहिला, फुलदाणीत किती दिवस टिकतो ते पाहिलं. वास कुणी मागितलाच नाही.

फ्रान्समधल्या संशोधकांनी पापा मेयाँ आणि जवळजवळ बिनवासाचा रूज मेयाँ यांची जनुकं ताडून पाहिली. 2015 साली त्यांचा निष्कर्ष आला. नडएक्स-वन नावाचं एक जनुक वासाच्या फुलात जोरात काम करत होतं, दुसऱ्यात जवळपास निपचित होतं. म्हणजे जातीतच वास नसेल, तर शेणखताच्या पाट्या ओतूनही तो येणार नाही. म्हणून रोप घेताना फुललेलं घ्या, आणि नाकाने निवडा. डबल डिलाइट, मिस्टर लिंकन ही नावं विचारा. आणि आपला गावठी गुलाब विसरू नका. आखूड देठ, भरगच्च गुलाबी पाकळ्या, हात लावला की गळणाऱ्या. फुलदाणीच्या कामाचा नाही. देवघराचा आणि गुलकंदाचा आहे.

(दृश्य: छाटणीची कात्री, फांदीचा काप अगदी जवळून.)

डिसेंबरच्या या फुलाची तयारी ऑक्टोबरात झाली. पाऊस थांबला, जमीन वाफशावर आली, म्हणजे चिखल जाऊन नुसती ओल उरली, की छाटणी. पहिल्यांदा हात धजत नाही, हिरवीगार फांदी कापायची म्हणजे पोटात तुटतं. पण कापावी लागते. बारीक काड्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या चार-पाच ठेवा. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा, म्हणजे नवी फांदी जिथून फुटते तो उंचवटा, शोधा आणि त्याच्या पाव इंच वर तिरका काप द्या.

आता कापाच्या आत बघा. मधला गाभा पांढरा आहे ना? मग फांदी जिवंत आहे. तपकिरी दिसला, तर आणखी खाली या, पांढरा लागेपर्यंत. हा तपकिरीपणा म्हणजेच शेंड्याकडून खाली उतरणारी मर. पुण्याकडचे कितीतरी गुलाब तिनेच जातात. म्हणून प्रत्येक कापावर लगेच बोर्डो पेस्ट लावायची. 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना, एक लिटर पाणी. भांडं प्लॅस्टिकचं घ्या, मोरचूद लोखंड खातं.

मग शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, आणि साधारण दीड महिना वाट पाहायची.

माझा पहिला पापा मेयाँ मी गमावला, तो कशाने सांगते. एका पावसाळ्यात बुडातून एक फुटवा सरसरून वर आला. बारीक पानांचा, फिकट हिरवा, जोमदार. मी त्याला आधाराची काठी दिली. तो होता खुंटाचा. कलमी रोपाचा डोळा रानगुलाबाच्या खुंटावर भरलेला असतो, आणि त्या जोडाच्या खालून येणारं सगळं खुंटाचं असतं. वर्षभरात वरचा गुलाब उपाशी वाळून गेला. असा फुटवा कात्रीने कापू नका, पुन्हा फुटतो. माती उकरून मुळाशी जा आणि ओढून तोडा. काडीवरून लावलेल्या गावठी गुलाबाला हा त्रास नाही, तो स्वतःच्याच मुळांवर उभा असतो.

पाणी सकाळी, बुडाशी. रात्रभर पानं ओली राहिली की काळे ठिपके आलेच. ऊन निदान पाच-सहा तास हवं. एप्रिल-मेमध्ये पानं धुरकट दिसली तर उलटून पाहा. बारीक जाळी असेल तर लाल कोळी ही कीड आहे. नळीने पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा. त्या दिवसांत फुलं लहान येतात आणि वासही विरळ होतो. पाकळीतली सुगंधी तेलं उष्णतेने भराभर उडून जातात. रोपावर रागावू नका.

(दृश्य: तेच फूल, दुपारी एक.)

सकाळचंच फूल. पूर्ण उघडलंय, रंग तसाच आहे. पण आता नाक अगदी आत न्यावं लागतं. म्हणून गुलकंदाच्या पाकळ्या ऊन चढायच्या आत खुडायच्या. शेजारच्या कुंडीतला गावठी गुलाब आईने आठलाच उतरवला. बरणीत पाकळ्यांचा एक थर, खडीसाखरेचा एक थर. झाकणाला फडकं बांधून बरणी कठड्यावर उन्हात ठेवलीय.

पापा मेयाँच्या मागच्या फांदीवर आणखी एक कळी आहे. हिरव्या निदलांमधून लाल रेघ दिसायला लागलीय.